सेलला जरूर जा, पण आकडा घेऊन जा



आषाढ लागला की आमच्या सांगलीत दोन गोष्टी पाठोपाठ सुरू होतात. मंदिरात अष्टाह्निकाची तयारी आणि मंगल कार्यालयांत सेल. दोन्हींच्या मागे पंचांगच आहे म्हणा ना! लग्नसराई संपलेली, त्यामुळे कार्यालयं रिकामी. पावसामुळे दुकानात गिऱ्हाईक नाही. आणि दिवाळीचा नवा माल भरायचा तर व्यापाऱ्याला आधी गोडाऊन मोकळं करायचं असतं. म्हणून मग ‘आषाढ सेल’, ‘स्टॉक क्लिअरन्स’, ‘एकावर एक फ्री’ असे फलक चौकाचौकांत लागतात. इकडे शुद्ध चतुर्दशीला आपला चातुर्मास बसणार, आणि तिकडे चतुर्दशीच्या आत खरेदी उरकायची आपली घाई!

ही घाई माझीही होती, म्हणून आज लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्रयोदशीला दुपारी जाऊबाईंचा फोन आला. “उद्यापासून नियम घेणार ना? मग चार महिने काही घेता यायचं नाही. आजच सेलला जाऊन येऊ.” मला ते अगदी पटलं. आम्ही दोघी गेलो आणि रिक्षात दोन गठ्ठे टाकून परत आलो. चादरींचे सहा सेट, परकराचं कापड, चार साड्या, शिवाय टॉवेल. सासूबाई सोप्यात जप करत बसल्या होत्या. गठ्ठे बघून त्यांनी एवढंच विचारलं, “चादरी फाटल्या होत्या काय ग?”

मी म्हटलं, “नाही आई, स्वस्त होत्या.”

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी मंदिरात जाऊन ‘चार महिने नवीन कापड घेणार नाही’ असा नियम घेतला आणि तो काटेकोर पाळला. पाळल्याचा अभिमानही वाटला. नियमाच्या आदल्या दिवशी चार वर्षांचं कापड भरून ठेवलं होतं, याचा मात्र विचार आला नाही.

पुढच्या फाल्गुनात आई गेल्या. महिन्याभरानं नणंदा आल्या तेव्हा त्यांचं कपाट आवरायला घेतलं. अर्ध्या तासात आवरून झालं. बारा पातळं. आईंनी फार पूर्वी बाराचा आकडा धरला होता आणि तो जन्मभराचा होता. नवीन पातळ घरात आलं की त्याच दिवशी एक जुनं, धुऊन इस्त्री करून, कुणाला तरी जायचं. त्यामुळे कपाटात जे होतं ते सगळं नेसण्यातलं आणि धड होतं. मोठ्या वन्संनी एक मागून घेतलं, धाकट्यांनी दोन, आणि स्वयंपाकाच्या मावशींनी डोळे पुसत निळ्या काठाचं मागितलं. बारातलं एकही उरलं नाही.

माझ्या वाट्याचं एक पातळ ठेवायला मी माझं कपाट उघडलं, तर त्यात घडी ठेवायला जागा नव्हती. वरच्या फळीवर तो सेलचा गठ्ठा, बांधलेला होता तसाच. त्या दिवशी मी पहिल्यांदा मोजलं. चादरी तेवीस. आम्ही पाच माणसं, तीन पलंग. एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात असं धरलं तरी नऊ पुरतात. म्हणजे चौदा चादरी नुसत्या पडून. सरासरी चारशेची एक धरली तरी तेवीसचे 9,200 रुपये झाले आणि वापरात नऊच. चारशेची म्हणून आणलेली चादर मला हजाराच्या वर पडली होती. आणि मी तिला स्वस्त म्हणत होते!

मग स्वाध्यायात जे अनेकदा ऐकलं होतं ते नीट वाचलं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगितले आहेत. शेत आणि घर, चांदी-सोनं, धन-धान्य, दास-दासी, आणि शेवटी ‘कुप्य’. या कुप्याचा अर्थ आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत सांगताना सुती आणि रेशमी कापडाची नावंच घेतली आहेत. म्हणजे कापडचोपडाची मर्यादा ही आजच्या कुणाची कल्पना नाही. सोन्याच्या आणि शेताच्या पंक्तीला कापड शेकडो वर्षांपूर्वीच बसवलेलं आहे.

आता माझं मत सांगते. आपल्यातल्या बऱ्याच जणी परिग्रहाची मर्यादा रुपयांत घेतात. इतक्या रुपयांपेक्षा जास्त साड्या नकोत, वर्षाला इतक्याचंच कापड. रोकड, सोनं, जमीन यांना ते ठीक आहे. पण कापड आणि भांड्यांना रुपयांची मर्यादा लावली की सेल आपल्याला फसवतो. दहा हजारांत एरवी सहा साड्या आल्या असत्या, सेलमध्ये पंधरा येतात. मर्यादा मोडली नाही, पण कपाट अडीच पट झालं. व्रत तसंच राहिलं आणि परिग्रह वाढला! म्हणून माझं म्हणणं, कापडाची मर्यादा रुपयांत घेऊ नका, नगांत घ्या. साड्या इतक्या, चादरी इतक्या, टॉवेल इतके. भाव अर्ध्यावर आला म्हणून आकडा दुप्पट होत नाही.

यावर मैत्रिणी काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, कारण मीही तेच म्हणत होते.

पहिलं म्हणणं, “काटकसर हा तर आपला गुण. स्वस्त मिळतंय तर का सोडायचं?” काटकसर गुण आहेच. आपल्या सासवांनी जुन्या पातळाच्या गोधड्या शिवल्या, त्यातूनच घरं उभी राहिली. पण काटकसर म्हणजे लागणारी वस्तू कमी पैशांत आणणं. न लागणारी वस्तू कमी पैशांत आणली तर तो खर्चच, फक्त लहान. दशलक्षणात आपण ‘उत्तम शौच’ म्हणतो तेव्हा मनातला लोभ धुवायचा असतो. सेलच्या टेबलापाशी दुसरीच्या हाताखालची साडी ओढताना माझ्या मनात काय होतं, ते मला माहीत आहे.

दुसरं म्हणणं, “द्यायला-घ्यायला होतील.” हे तर माझं सगळ्यात लाडकं कारण होतं. पण देईपर्यंत ती वस्तू माझीच, माझ्याच मोजणीतली. आणि खरं सांगा, सेलमधलं आपण कुणाला देतो? धाग्यात दोष असलेली साडी कामवालीला, डाग असलेला टॉवेल वॉचमनला. मनातून उतरलेलं दिलं तर त्याला त्याग कसं म्हणायचं? ते कपाट आवरणं झालं. आईंनी दिलेलं प्रत्येक पातळ त्या स्वतः दुसऱ्या दिवशी नेसू शकल्या असत्या असंच असायचं.

तिसरं म्हणणं मात्र खरं आहे. “सगळ्यांना नेहमीच्या भावात घेणं परवडत नाही.” अगदी बरोबर. ज्या घरात तीन मुलांचे गणवेश, आजारपण आणि भाडं एका पगारात बसवायचं आहे, तिथं सेल म्हणजे मोठा आधार असतो. तिनं तर जावंच. नगांचा आकडा तिच्याच सर्वांत जास्त कामाचा, कारण पडून राहिलेल्या चौदा चादरींचे पैसे तिला मला बसले त्याहून जास्त बोचतील.

मी स्वतः सेल सोडलेला नाही. इचलकरंजी आम्हाला जवळ. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग आणला आणि तेव्हापासून गावाचं पोट कापडावर आहे. तिथल्या गोडाऊनमध्ये कटपीस, ऑर्डर रद्द झालेला माल, निर्यातीतून उरलेला माल खरोखर कमी भावात मिळतो. माल कमी भावात का आहे हे समजलं की घ्यायचा की नाही ते ठरवता येतं. शिलकीचा माल बहुधा धड असतो. ‘सेकंड’ मालात दोष असतो. कुठे तार सुटलेली, कुठे तेलाचा डाग, कुठे रंगाचा आडवा पट्टा. गादीखाली घालायच्या चादरीला डाग चालतो, अंगावरच्या कापडाला तार सुटलेली चालत नाही.

अनुभवातून शिकलेल्या काही गोष्टी सांगते.

घडीवर जाऊ नका. चादर पूर्ण उलगडा आणि उजेडासमोर धरा, सुटलेली तार लगेच दिसते. माप टेपनं घ्या. डबल बेडची म्हणून दिलेली चादर 90 बाय 100 इंच भरते का ते बघा. पांढरा रुमाल थोडा ओला करून गडद कापडावर चोळा, रंग जाणार असेल तर तिथंच कळेल.

रेशमाचं मात्र नीट विचारा. रेशमासाठी कोशातले जीव उकळत्या पाण्यात मरतात आणि एका साडीला असे हजारो कोश लागतात. स्वस्तात मिळाली म्हणून ती हिंसा स्वस्त होत नाही. ‘सिल्क मार्क’ हा शुद्ध रेशमाचा शिक्का. इतर बायका तो शोधून साडी घेतात, आपण तो बघून साडी खाली ठेवायची. ‘आर्ट सिल्क’ म्हणजे कृत्रिम धागा, त्यात किडा नाही. शंका असेल तर घरी काठाचा एक धागा काढून जाळून बघा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, सूत कागदासारखं जळतं आणि पॉलिएस्टरची वितळून कडक गोळी होते. पर्स आणि पट्टे घेतानाही चामडं आहे का ते विचारा.

बिल घ्याच. सेल असला तरी बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी बघून गप्प बसू नका. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हेही त्याच कायद्यात अनुचित धरलं आहे. अर्थात ‘सेकंड’ म्हणून दोष दाखवूनच विकलं असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. छापील कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्या किमतीच्या वर जीएसटी म्हणून कुणी मागितला तर देऊ नका. तक्रारीसाठी 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, निघण्याआधी कपाट मोजा. गेल्या वर्षी मी आर्यिका माताजींकडे नियम घ्यायला गेले आणि म्हटलं, “चार महिने नवीन घेणार नाही.” माताजींनी विचारलं, “आहेत किती?” एका पांढऱ्या साडीत बसलेल्या माताजींना माझा आकडा सांगताना मान वर होईना. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “आकडा धर. चार महिन्यांचा नियम म्हणूनच धर, जमलं तर पुढे बघू.” रत्नकरंड श्रावकाचारात मुदतीचा नियम आणि जन्मभराचा यम असे दोन प्रकार सांगितले आहेत, ते यासाठीच असावेत. एकदम आईंसारखं बारावर येणं माझ्यानं होणार नव्हतं.

मी साड्या चाळीस आणि चादरी नऊ असा आकडा धरला. चादरींचे न उघडलेले सेट वसतिगृहाला दिले, नवे होते तसेच. साड्या अजून चाळीसवर आलेल्या नाहीत, सत्तेचाळीस आहेत. खोटं कशाला सांगू? दिवाळीला सूनबाईंनी एक आणली आणि मला ती ठेवून दुसरी काढायला आठ दिवस लागले. कुठली काढायची ठरवतानाच कळलं की मूर्च्छा म्हणजे काय ते. आचार्यांनी वस्तूला नव्हे, त्या ममत्वालाच परिग्रह का म्हटलं, ते त्या आठ दिवसांत समजलं.

यंदाही आषाढात मी जाऊबाईंबरोबर सेलला गेले. मला एक टॉवेल हवा होता. एक टॉवेल घेतला, बिल घेतलं आणि टेबलाशेजारी उभी राहून त्यांच्या पिशव्या धरल्या. परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, “तू काहीच घेतलं नाहीस, तुझा दिवस फुकट गेला.” मी हसले. पण घरी आल्यावर त्यांचाच फोन आला, “माझ्या चादरी मोजल्या ग. एकतीस आहेत.”

तुमच्या किती आहेत, मैत्रिणींनो? या चतुर्दशीच्या आत एकदा मोजून बघा. मग सेलला जरूर जा.

जय जिनेंद्र.