रिपीट मोड

मूड ऑफ असला की मित्रमंडळी हमखास एकच सल्ला देतात, 'यार, काहीतरी झकास, नाचायला लावणारं ऐक!' मला हे कधीच झेपलं नाही. आतून पार फ्यूज उडालेला असताना कानात ढोल वाजले, तर डोकं आणखी उठतं. तेव्हा हवं असतं आपलं जुनं, तोंडपाठ गाणं. रडकं असलं तरी चालेल!

माझं ते गाणं 'हम दोनो'मधलं (1961). साहिरचे शब्द, जयदेवची चाल, रफीचा आवाज आणि पडद्यावर सिगारेट ओढणारा देव आनंद. बाबांची बायपास झाली तेव्हा मी आयसीयूबाहेरच्या खुर्चीत तीन रात्री काढल्या. मांडीवर लॅपटॉप, पर्समध्ये बिलं. डॉक्टर 'अजून चोवीस तास बघू' याच्यापुढे बोलत नव्हते. उद्या काय होणार, कुणालाच सांगता येत नव्हतं. गाण्यात मात्र अंतरा संपला की मुखडाच येणार, हे पक्कं होतं. त्या आठवड्यात तेवढी एकच गोष्ट ठरल्याप्रमाणे होत होती.

यामागे मेंदूचा फंडा आहे, बरं का! कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना त्यांच्याच आवडीचं संगीत ऐकवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. 2011 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. अंगावर काटा आणणारी जागा आली की मेंदूत डोपामिन स्रवतं, हे दिसलंच. पण ती जागा येण्याआधी, नुसत्या चाहुलीनंही ते स्रवतं! आणि चाहूल लागायला गाणं ओळखीचं नको का? नवं गाणं कितीही हिट असो, अशा वेळी कामाचं नाही.

अर्थात, गाण्यानं बाबांचे ब्लॉकेजेस गेले नाहीत. ते काम सर्जननं केलं. गाण्यानं मला फक्त खुर्चीत बसवून ठेवलं. त्याची किंमतही मोजावी लागली. बाबा आता ठणठणीत आहेत, पण ते गाणं लागलं की मला अजून फिनाईलचा वास येतो. बाबा मात्र मजेत ताल धरतात!

म्हणून एक टिप. आपलं सगळ्यात लाडकं गाणं रिंगटोन किंवा अलार्मला लावू नका. रोज सकाळी सातला शिव्या खाऊन ते बिचारं झिजून जाईल. आणि असं एकच गाणं ठेवू नका. तीन-चार हाताशी असू द्यात. माझं दुसरं सध्या शोधणं चालू आहे.