फळ्यावरचा पहिला शब्द

नगर जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मी एकतीस वर्षे इतिहास शिकवला. पंडिता रमाबाईंचा विषय निघाला की मी फळ्यावर तीन शब्द लिहीत असे : स्वावलंबन, शिक्षण, शिक्षिका. १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात बाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या मुख्य गरजा म्हणून याच गोष्टी याच क्रमाने सांगितल्या आहेत. ‘पहिला शब्द कोणता?’ असे मी विचारी आणि सारा वर्ग एका सुरात ओरडे. तो शब्द मला फार आवडे. आमचे घर तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. पण दहा आज्ञांच्या खाली आमच्याकडे एक अकरावी होती : कोणापुढे वाकायचे नाही.

धाकट्या भावाशी मी सहा वर्षे बोललो नाही. कारण तीन एकर जमीन. २००८ च्या मार्चमध्ये तो अंथरुणाला खिळला आणि त्याने निरोप धाडला, ‘दादाला म्हणावं, एकदा येऊन जा.’ मी म्हटले, दहावीचे पेपर तपासून होऊ देत. गठ्ठा चार दिवसांचा होता. भाऊ तिसऱ्या दिवशी गेला.

त्यानंतर मी स्वतःला सुधारायला घेतले. पहाटेचे फिरणे, प्राणायाम, रोजनिशी, मनोबल वाढवणारी पुस्तके, सगळे शिस्तीत. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप आली, हे कृतज्ञतेने सांगतो. गोळीचे काम गोळीने केले. पण जाग आली की तो निरोप उशाशी असायचाच. स्नेही म्हणत, ‘स्वतःला माफ करायला शिका.’ तोही प्रयत्न केला. आरोपीनेच निकालपत्र लिहावे आणि खाली स्वतःच सही ठोकावी, असला तो प्रकार! ज्याचा अपराध केला तो मातीत होता. मग माफी देणारा मी कोण?

आणि गंमत पाहा, रविवारच्या उपासनेत पापांगीकाराची प्रार्थना मंडळीकडून म्हणवून घेणारा मीच होतो.

निवृत्तीनंतर एका व्याख्यानाच्या तयारीसाठी रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेली आपली साक्ष हाती घेतली. मुद्दे काढायचे, एवढाच हेतू. बाईंचे चरित्र मला पाठ होते. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, १८८२ त पती गेले. लहानग्या मनोरमेला घेऊन ही पंचवीस वर्षांची विधवा विलायतेला पोचली आणि १८८३ त तिथे बाप्तिस्मा घेतला. स्वतःच्या पायावर उभे राहणे म्हणजे काय, ते या बाईने कोणाकडून शिकावे? तीच बाई लिहिते की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे गेल्यावर तिला उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही. बुद्धीने पारखून घेतलेला धर्म. मन मात्र उपाशी. हॅसलम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त तिच्या वाचनात आले. हा गृहस्थ धर्मोपदेशक आधी झाला आणि त्याचा खरा पालट नंतर झाला. ते वाचून तिला स्वतःची अवस्था कळली. पुढे ती आपली सारी लायकी बाजूला ठेवून, रित्या हातांनी ख्रिस्ताकडे गेली. मी पुस्तक मिटले. मुद्दे काही निघाले नाहीत.

शरण जाणे हा शब्द आपल्या मातीत परका नाही. आषाढीला पंढरीची वाट चालणाऱ्याला तो फोड करून सांगावा लागत नाही. परका होतो तो माझ्यासारख्या चार बुके शिकलेल्याला.

त्याच आठवड्यात एका घरी प्रार्थनासभा होती. मंडळीतल्या एक म्हाताऱ्या निवृत्त नर्सबाई दर वेळी विचारीत, ‘मास्तर, तुमच्यासाठी काय मागू?’ मी म्हणे, ‘मंडळीसाठी मागा.’ त्या दिवशी तोंडून निघाले, ‘बाई, माझ्याच्यानं होत नाही.’ पुढे बोलवेना. पन्नाशी उलटलेल्या मुख्याध्यापकाने परक्याच्या ओसरीवर हुंदके देऊन रडावे, हे दृश्य काही देखणे नव्हे. बाईंनी काही विचारले नाही. डोक्यावर हात ठेवून साध्या घरगुती मराठीत दोन मिनिटे प्रार्थना केली. प्रकाश दिसला नाही, वाणी ऐकू आली नाही. एवढेच कळले की जे देणे फेडता फेडता मी खंगत होतो, ते क्रूसावरच्या त्या दुसऱ्याने केव्हाच आपल्या नावावर घेतले आहे.

म्हणजे आता हातपाय हलवायला नकोत, असे कोणी समजू नये. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींना शेती, विणकाम, छापखान्याचे काम शिकवले, ते या अनुभवानंतरच. पोटासाठी स्वावलंबन हवेच. जखमेचे खाते निराळे, हे मला उशिरा कळले.

मग मी भावजयीकडे गेलो. ‘चुकलो’ एवढेच म्हणालो. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. ‘वाट बघत होते, दादा. शेवटच्या दिवशी पण दाराकडं तोंड करून निजले होते.’ तिने मला वाचवले नाही. पूर्वी हे ऐकून मी उठून गेलो असतो किंवा कारणे सांगू लागलो असतो. त्या दिवशी बसून ऐकले.

त्या तीन एकरांच्या सातबाऱ्यावर आता पुतण्यांची नावे आहेत. माफ केले, असे ती आजवर म्हणालेली नाही. नाताळात करंज्यांचा डबा मात्र पाठवते. मागच्या खेपेला रिकामा डबा परत द्यायला मीच गेलो, तर म्हणाली, ‘बसा, चहा टाकते.’