औषध विकायला पदविका, पोर सावरायला फ्लेक्स

शनिवार-रविवार दोन दिवस, शेवटी ग्रुप फोटो, प्रमाणपत्र, आणि सोमवारपासून तुम्ही ‘प्ले थेरपिस्ट’, म्हणजे खेळातून मुलांवर उपचार करणारे! यवतमाळातल्या फ्लेक्सवरची ही जाहिरात या आठवड्यात वाचकांनी आवर्जून पाठवली. माझा फ्लेक्सद्वेष त्यांना ठाऊक आहे.

आता आपलं कृषी केंद्र बघा. कीटकनाशक विकायचं तर कृषी, रसायनशास्त्र अशा विषयाची पदवी किंवा ठरवून दिलेला अभ्यासक्रम हवा. कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी ‘देसी’ पदविका आहे: 48 आठवडे, 40 वर्ग, 8 शेतभेटी. 2017 साली याच जिल्ह्यात फवारणीनं माणसं मेली, तेव्हा कागदानं सगळं भागत नाही हे मान्य. पण काउंटरपलीकडच्याला किमान काय यावं, हे कुणीतरी लिहून तर ठेवलंय. त्या फवारणीत बाप गेलेलं पोर मात्र कुणाच्याही हाती द्यायला आपण मोकळे. भारतीय पुनर्वास परिषद क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करते. खेळातून उपचार करणाऱ्याची कसोटी कुठे आहे?

समजा, ते पोर तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी वाळूत पुन्हा पुन्हा पुरतंय. दोन दिवसांवाला लगेच विचारणार, ‘हे बाबा का रे?’ पोरानं मान हलवली की झालं निदान, आणि संध्याकाळी नंदी स्टेटसवर. शिकलेला माणूस ‘परत पुरलास’ एवढंच म्हणतो आणि थांबतो. नंदी फेकून मारायला निघालं तर हात धरतो, वेळ संपत आल्याचं पाच मिनिटं आधी सांगतो. खेळात लैंगिक अत्याचाराची खूण दिसली, तर पोक्सो कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे हे त्याला पाठ असतं. हे दोन दिवसांत, तेही जेवणाची सुट्टी धरून, येतं म्हणणाऱ्याला माझा दंडवत.

अमेरिकेतली प्ले थेरपीची संघटना आधी पदव्युत्तर शिक्षण आणि मानसिक आरोग्याचा परवाना मागते, वर 150 तासांचं प्रशिक्षण, मुलांसोबत 350 तास काम आणि 35 तासांची देखरेख. आकडे जसेच्या तसे उचला असं मी म्हणत नाही. आर्णी-झरीसारख्या आपल्या तालुक्यांत एवढी शिकलेली माणसं आणणार कुठून? प्रशिक्षणाचे तास कमी करा हवं तर, पण त्या 35 तासांना हात लावू नका. नागपूरचा जाणकार दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर नोंदी तपासू शकतो. जाहिरातीत दिलेल्या नंबरावर मी एवढंच विचारलं, ‘तुमच्या कामावर देखरेख कुणाची?’ उत्तर आलं, ‘सर, सीट थोड्याच उरल्यात.’