डोकं शाबूत आहे, मग झालं?

गेल्या वर्षी माझे मामा नारळ पाडताना माडावरून पडले. मणक्याला मार बसला, कमरेखालची जाणीव गेली. भेटायला येणारा जो तो मामीला धीर द्यायचा, "डोकं शाबूत आहे ना, मग झालं तर!" आम्हीही तेच धरून बसलो. पुढे मामा गोळ्यांची वेळ विसरू लागले, शिकवलेलं अर्ध्यावर सोडू लागले, तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली, "मुद्दाम करतात." ती आठवून आज मला लाज वाटते.

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला किती नव्याने शिकावं लागतं, बघा. ठरावीक तासांनी नळीने लघवी काढायची, पाणी मोजून प्यायचं, जखमा होऊ नयेत म्हणून व्हीलचेअरवर थोड्या थोड्या वेळाने अंग उचलायचं, त्वचा रोज तपासायची. पूर्वी शरीर आपणहून सांगायचं. आता सगळं डोक्याने लक्षात ठेवायचं. आणि नेमकं तेव्हाच डोकं थकलेलं असतं. पडताना मेंदूलाही मार लागलेला असू शकतो. शिवाय उठून बसल्यावर उतरणारा रक्तदाब, मोडलेली झोप, वेदना, काही औषधं, निराशा या सगळ्यांचा परिणाम लक्ष आणि स्मरणावर होतो.

म्हणून मला वाटतं, हातांच्या व्यायामाइतकीच स्मरण, लक्ष आणि नियोजन यांची तपासणी व सरावही उपचारात हवा. नुसते मोबाइलवरचे खेळ देऊन भागणार नाही. खेळात तरबेज झालेल्या माणसाला नळीची वेळ आठवेलच असं नाही. सराव रोजच्या कामाचाच हवा: गजर, वही, एका वेळी एकच गोष्ट, पायऱ्या तोंडाने म्हणत करणं.

"एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून?" हा प्रश्न खराच आहे. पण एकदा नीट दाखवून दिलं, तर बराच सराव घरीही होतो. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांचे पाय १९५४च्या अपघातात निकामी झाले. त्या व्हीलचेअरवर बसून पुन्हा शस्त्रक्रिया करू लागल्या आणि पुढे तिथेच त्यांनी पुनर्वसन विभाग उभा केला. पुनर्वसन म्हणजे पुन्हा शिकणं, आणि शिकणाऱ्याला वेळ द्यावा लागतो.

हल्ली रविवारी मी मामांकडे जाते. पलंगावरून खुर्चीत बसायच्या पायऱ्या म्हणताना मी एखादी गाळते. मामा लगेच पकडतात, "ब्रेक कोण लावणार गो?"

आता मुद्दाम करते ती मी.