आधी बांधू, मग बघू

१५ जून २०२३ रोजी सोलापुरात सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी स्फोटकं लावून पाडली गेली. सहवीजनिर्मिती प्रकल्पाची ती चिमणी सुमारे ९० मीटर उंच होती आणि होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला अडथळा ठरत होती. भोवती कडेकोट पोलीस बंदोबस्त. एकीकडे संतापलेले सभासद शेतकरी, दुसरीकडे आता तरी गावात विमान उतरेल या आशेवर बसलेले शहरवासी. दोघांचंही म्हणणं खरं होतं आणि म्हणूनच हा प्रसंग मला लाजिरवाणा वाटतो. उसाच्या पैशातून एवढं मोठं बांधकाम उभं राहतं, वर्षानुवर्षं चालतं आणि मग एके दिवशी सरकारच ते उडवून देतं. पहिल्या मीटरलाच ते थांबवणं ज्यांचं काम होतं, ते सगळे तेव्हा काय करत होते?

महापालिकेने चिमणी बेकायदा ठरवली, कारखाना न्यायालयात गेला, आंदोलनं झाली. नव्या विमानतळासाठी बोरामणीला घेतलेली जमीन वनखात्याच्या आणि माळढोक अभयारण्याच्या प्रश्नात अडकून पडली. चिमणी पडल्यावरही सोलापूरहून गोव्याला पहिलं विमान उडायला ९ जून २०२५ उजाडलं. विमानात बसणारे मूठभर आणि कारखान्यावर पोट असणारे हजारो, हा शेतकऱ्यांचा सवाल रास्तच होता. त्याला उत्तर द्यायची वेळ पाया खणतानाची होती. तेव्हा सगळे गप्प राहिले आणि पुढे त्या गप्प बसण्याची किंमत सभासदांच्या पदरात टाकून मोकळे झाले.

नियम काही गूढ नाही. यंत्रांच्या आधारे मोठी विमानं जिथे उतरतात, तिथे धावपट्टीच्या टोकापलीकडे दर ५० मीटरला १ मीटर अशा चढाने आकाश मोकळं ठेवावं लागतं. धावपट्टीभोवती साधारण ४ किलोमीटरपर्यंत ४५ मीटरच्या वर काही येऊ नये, अशी मर्यादा असते. ही उंची विमानतळाच्या पातळीपासून मोजतात, आपल्या प्लॉटच्या जमिनीपासून नव्हे. टेकाडावरची पाच मजली इमारत खोलगटातल्या दहा मजली इमारतीहून घातक ठरू शकते, ती यामुळेच. गच्चीवरची पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, मोबाइलचा टॉवर हे सगळं त्यात धरलं जातं. कुठल्या पट्ट्यात किती उंचीपर्यंत परस्पर परवानगी देता येते आणि कुठे भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो, हे दाखवणारे रंगीत नकाशे प्राधिकरण स्थानिक संस्थांना देतं. केंद्राचे उंचीबाबतचे नियम २०१५चे आहेत. त्यामुळे कायदा नव्हता, माहिती नव्हती, असं म्हणायची सोय कुणालाच उरलेली नाही.

तरी काय घडतं, ते मुंबईत पाहा. जुलै २०२२मध्ये मुंबई विमानतळाजवळच्या ४८ उंच इमारतींचे मर्यादेबाहेरचे भाग पाडा, असं उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. त्या मजल्यांवर माणसं राहत होती. आयुष्यभराची पुंजी घालून, बँकेचे हप्ते फेडत त्यांनी ती घरं घेतली होती. बांधणारा पैसे घेऊन पुढच्या प्लॉटवर गेला, सही करणारा साहेब बदलून गेला आणि नोटीस आली ती शेवटच्या खरेदीदाराला.

जुहूला तर १९२८पासून विमानतळ आहे. १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल आणलं ते याच ठिकाणी. आज त्याला इमारतींनी चहूबाजूंनी घेरलं आहे. २८ जून २०१८ला जुहूहून चाचणीसाठी उडालेलं छोटं विमान घाटकोपरच्या दाट वस्तीत, बांधकाम चालू असलेल्या जागी कोसळलं. विमानातले चौघे गेले, शिवाय खाली जमिनीवर असलेला एक माणूसही. त्या अपघाताचा इमारतींच्या उंचीशी संबंध नव्हता. पण विमान पडतं तेव्हा खाली कोण असतं, हे त्या दिवशी सगळ्या शहराने पाहिलं आणि चार दिवसांत विसरूनही टाकलं.

आता लहान गावांची पाळी आहे. सिंधुदुर्गातलं चिपी विमानतळ २०२१मध्ये सुरू झालं, अमरावतीचं बेलोरा एप्रिल २०२५मध्ये. अशा ठिकाणी भोवती अजून मोकळी जमीन आहे आणि त्या जमिनीवर फलक उभे राहतात: विमानतळापासून हाकेच्या अंतरावर एनए प्लॉट, आजच बुकिंग करा. विमानतळाच्या नावावर जमिनीचा भाव वाढवायचा आणि त्याच विमानतळाचा गळा आवळेल असं बांधकाम करायचं, याला मी अप्रामाणिकपणाच म्हणेन. अडथळा वाढला की विमानाला धावपट्टीच्या टोकाऐवजी आत सरकून उतरावं लागतं, धावपट्टी तोकडी पडते, मोठं विमान येईनासं होतं. मग पुढारी निवेदन घेऊन दिल्लीला जातात.

उंचीइतकाच गंभीर प्रश्न कचऱ्याचा आहे. विमानतळाच्या १० किलोमीटरच्या आत पक्षी गोळा होतील असा कचरा टाकू नये, जनावरं कापू नयेत, असं १९३७चे विमान नियम सांगतात. इंजिनात एक घार शिरली तरी अनर्थ होऊ शकतो. तरीही रस्त्याकडेला मांसाचे टाकाऊ तुकडे फेकणाऱ्या दुकानदाराला आपण हटकत नाही, कारण उद्या आपल्यालाही तिथेच पिशवी टाकायची असते.

दोष फक्त बिल्डरच्या आणि अधिकाऱ्याच्या माथी मारणं सोपं आहे. पण एक मजला जास्त मिळतो म्हणून सोसायटीच्या सभेत हात वर करणारे आपणच असतो. कागद नंतर होतील असं ऐकूनही टोकन देणारे आपण, दंड भरून नियमित करून घेऊ म्हणणारेही आपणच. पोटासाठी चार पत्रे ठोकणाऱ्याची झोपडी सकाळी उठवली जाते आणि त्याच शहरात नियमाबाहेरचा मजला वीस वर्षं तारखा घेत उभा राहतो. हा न्याय आपण मुकाट्याने मान्य केला आहे.

विमानतळाजवळ घर घेणार असाल तर टोकन देण्याआधी उंचीचा ना-हरकत दाखला मागा. त्यावरचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची त्याच जागेची आहे का, हे स्वतंत्र सर्व्हेअरकडून तपासून घ्या. आणि तुमच्या गावात धावपट्टी असेल तर पालिकेच्या पुढच्या सभेच्या आत नगरसेवकाला गाठून एवढंच विचारा: तो रंगीत नकाशा नगररचना विभागाच्या भिंतीवर लावला आहे का, आणि गेल्या वर्षी दिलेला प्रत्येक बांधकाम परवाना त्याच्याशी ताडून पाहिला आहे का?