राष्ट्रपती निवडणुकीत किल्लारीचे वजन १९७१ चेच!

किल्लारी : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात किल्लारी परिसरातील हजारो नागरिक मृत्युमुखी पडले. पुढे गावांचे पुनर्वसन झाले, मतदार याद्याही नव्याने तयार झाल्या. राष्ट्रपती निवडणुकीच्या गणितात मात्र १९७१ च्या जनगणनेत नोंदली गेलेली आणि भूकंपात गमावलेली माणसे अद्याप धरली जातात. त्यानंतर जन्मलेल्या पिढीची मात्र तेथे दखलच नाही.

घटनेच्या कलम ५५ नुसार राज्याच्या लोकसंख्येला निर्वाचित आमदारांच्या संख्येने आणि पुन्हा एक हजाराने भागल्यास एका आमदाराचे मतमूल्य निघते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने त्यासाठी १९७१ चे आकडे गोठविले. लोकसंख्येला आळा घालणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. त्यामुळे औसा मतदारसंघाच्या आमदाराचे मतमूल्य १७५ आहे आणि राज्यातील २८८ आमदारांचे मिळून ५० हजार ४००. ज्या वर्षीच्या लोकसंख्येवर हे मूल्य ठरले, त्या वर्षी लातूर जिल्हाही अस्तित्वात नव्हता. त्याची निर्मिती १९८२ ची.

अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात १८६० पर्यंत अध्यक्षपदाचे निर्वाचक विधिमंडळच निवडत असे. तेथेही सामान्य मतदार दूरच होता. परंतु दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर राज्याच्या निर्वाचकांची संख्या नव्याने ठरत असे.

राष्ट्रपती निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही, मतदानही गुप्त असते. २००७ मध्ये शिवसेनेने राष्ट्रीय लोकशाही आघाडीत असूनही मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला. अशा प्रसंगी राज्याच्या मतांचे वजन किती, हा प्रश्न निव्वळ अंकगणिताचा राहत नाही.

आज तमिळनाडूच्या आमदाराचे मतमूल्य १७६, म्हणजे महाराष्ट्राहून एकाने अधिक आहे. आमदारसंख्या कायम ठेवून २०११ ची लोकसंख्या धरल्यास महाराष्ट्राचे मूल्य ३९०, तमिळनाडूचे ३०८, तर उत्तर प्रदेशचे २०८ वरून ४९६ होईल. दक्षिणेपुढे महाराष्ट्र वरचढ ठरेल, उत्तर प्रदेशाशी असलेले अंतर मात्र वाढेल. नवी जनगणना लागू करताना हा तोल साधावाच लागेल. तोपर्यंत भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या किल्लारीचे माप भूकंपापूर्वीच्याच तराजूत होत राहील.