बेनिनच्या पितळी शिल्पांचा हक्क

१८९७ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश फौजेने आजच्या नायजेरियातील बेनिन नगर काबीज करून तेथील ओबाचा, म्हणजे राजाचा, वाडा लुटला आणि लुटीतील कित्येक वस्तू मोहिमेचा खर्च भागविण्याच्या सबबीखाली विकून टाकल्या. तेव्हा युरोपात पोहोचलेली ती पितळी शिल्पे पाहून काही विद्वानांना पहिला प्रश्न पडला तो हा, की आफ्रिकी माणसाला हे कौशल्य शिकविले कोणी? तो प्रश्न मला त्या लुटीइतकाच क्लेशदायक वाटतो. वाड्याच्या खांबांवर जडविलेल्या त्या पटांवर ओबा, त्याचे योद्धे आणि पोर्तुगीज व्यापारीही कोरीव तपशिलांसह उभे आहेत. मेणाची आकृती घडवावी, तिच्यावर मातीचे लेप चढवावे, आच देऊन मेण वाहवून लावावे आणि उरलेल्या पोकळीत धातूचा रस ओतावा, ही विद्या तेथील राजाश्रित कारागिरांनी वंशपरंपरेने जोपासली होती. आपले चोळकालीन नटराजही याच विधीने घडले. ज्या दरबाराची ती स्मृती होती, त्या दरबारावाचून हे पट काचेच्या कपाटांत केवळ देखणे उरतात.

जर्मनीने २०२२ साली आपल्या सरकारी संग्रहांतील बेनिन शिल्पांची मालकी नायजेरियाकडे सोपविण्याचा करार केला. ब्रिटिश म्युझियम मात्र संग्रहातील वस्तू देऊन टाकण्यास आडकाठी करणाऱ्या १९६३ च्या कायद्याकडे बोट दाखविते. तो कायदा पार्लमेंटने केला आहे, आणि तो बदलण्याचा संपूर्ण अधिकारही त्याच पार्लमेंटला आहे.